उशिराची पिल्लं: यंदाच उडवायची की वर्षभर थांबायचं?

शहापूरकर | १८ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. शहापूर, बेळगाव. गच्चीवर ढाबळ आहे, होमर जातीची, म्हणजे लांब नेऊन सोडली तरी घरी परतणारी, चौदा मोठी कबुतरं आणि आता सहा पिल्लं. प्रश्न या सहांचा आहे.

माझी सगळ्यात भरवशाची जोडी म्हणजे एक निळा नर आणि ठिपक्यांची मादी. नर गेल्या तीन हंगामांत एकदाही रात्र बाहेर काढून आलेला नाही. त्याची पिल्लं हवीत म्हणून जुलैपासून धडपडतोय. पहिल्या खेपेच्या दोन्ही पिल्लांना देवी आल्या, डोळे मिटले, गेली. दुसऱ्या खेपेला गच्चीची भिंत पाझरत होती. अंड्यांत पिल्लं भरली पण कवच फोडून बाहेर आली नाहीत. मग जोडी मोडली, विश्रांती दिली आणि दसऱ्याच्या सुमारास परत लावली. १२ नोव्हेंबरला दोन्ही अंडी फुटली. बाकीची चार पिल्लं दुसऱ्या दोन जोड्यांची, पण त्याच आठवड्यातली. आठव्या दिवशी सगळ्यांच्या पायात यंदाच्या वर्षाची अंगठी घातली.

आमच्या शर्यती जानेवारीअखेर सुरू होतात आणि एप्रिलपर्यंत चालतात. पहिल्या छोट्या शर्यतीला ही पिल्लं अकरा आठवड्यांची असतील. घातली तर कोवळी. नाही घातली तर पुढच्या हंगामात अंगठी जुन्या वर्षाची, म्हणून मोठ्यांच्या गटात. तिथं शेजारी शेकडो किलोमीटर उडून आलेली कबुतरं, आणि माझ्यांनी शर्यतीची टोपली आतून पाहिलेलीसुद्धा नाही.

घरात वडील म्हणतात थांब. मित्र म्हणतो, थांबशील तर वर्षभर नुसतं दाणं घालत बसशील. तुम्ही काय करता?

निपाणीकर_७ | १८ डिसेंबर, रात्री १०:०५

जानेवारीत घालू नका. पिल्लं जातील.

मलप्रभाकाठ | १८ डिसेंबर, रात्री ११:२०

शहापूरकर दादा, मी खानापूरचा. तुमची ओल म्हणजे आमच्या ओलीची धाकटी बहीण. आमच्याकडं जून ते सप्टेंबर ढाबळीत चुना टाकून टाकून हात फाटतात, तरी लाकडाला बुरशी धरतेच. त्यामुळं माझी निम्मी पिल्लं दरवर्षी उशिराचीच असतात. पावसातली जगवायची म्हणजे डासांशी लढाई, कारण देवी मुख्यतः डास पसरवतात. आता मी पावसाळ्यात जोड्या लावतच नाही.

दोन वर्षांपूर्वी बारा आठवड्यांची चार पिल्लं मी सुमारे साठ किलोमीटरच्या शर्यतीत घातली होती. हवा स्वच्छ होती, वारा नव्हता. मोठा थवा उठला, ही चार त्यात मिसळली आणि थवा जिकडं गेला तिकडं गेली. वाटेत थवा फुटला की प्रत्येक कबुतराला स्वतःचं घर स्वतः शोधायचं असतं. माझ्यांना ते येत नव्हतं, कारण त्याआधी मी त्यांना फक्त दोनदा, तेही पाच-सहा किलोमीटरवरून सोडलं होतं. एक आलं, तेही तिसऱ्या दिवशी, छातीचं हाड हाताला लागत होतं. बाकीची तीन मला अजून आठवतात. त्यातल्या एकीला डोक्यावर पांढरा टिळा होता.

कॅम्पातला_अन्वर | १९ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी उलट बोलणार, राग मानू नका.

पंख बघा. कबुतराच्या पंखाला टोकाकडची मोठी पिसं दहा. पिल्लू साधारण दीड-दोन महिन्यांचं झालं की आतल्या बाजूचं पहिलं पीस पडतं, मग एकेक करत बाहेरच्या बाजूला झड सरकते. शहापूरकरांची पिल्लं जानेवारीअखेर फार तर दोन पिसं टाकून असतील. पंख जवळजवळ भरलेला! हीच पिल्लं मेमध्ये बघा, सातवं-आठवं पीस पडत असतं, मान-डोक्याची पिसं झडलेली असतात, अंगावर सगळे कोंब. तेव्हा उडवणार का? नाही. म्हणजे वर्षातली पंखाची सगळ्यात चांगली वेळ आपण फुकट घालवतो.

मी तेरा आठवड्यांचं एक पिल्लू घातलं होतं. ऐंशी किलोमीटरला तिसरं आलं. ते आजही माझ्याकडं आहे.

निपाणीकर_७ | १९ डिसेंबर, सकाळी ७:४०

अन्वरभाई, एक आलं ते सांगितलंत. किती घातली होती?

कॅम्पातला_अन्वर | १९ डिसेंबर, सकाळी ८:०२

पाच. दोन आली. लपवत नाही.

चिकोडीची_ताई | १९ डिसेंबर, दुपारी २:३०

पहिल्यांदाच लिहितेय, आजवर फक्त वाचत होते. कबुतरं सासऱ्यांची. ते गेल्यावर विकायची ठरली होती, पण माणसं बघायला आली आणि मला देववली नाहीत. आता सहा वर्षं मीच सांभाळते.

शर्यतीत घालायचं की नाही हे मागाहून ठरवा. आधी पिल्लू हातात घेऊन पंख उजेडात धरा. पिसावर आडवी बारीक चीर दिसते का बघा. पीस वाढत असताना पिल्लू आजारी पडलं, उपाशी राहिलं किंवा आईबापांनी भरवायचं लवकर सोडलं की ती खूण उमटते, आणि पीस तिथंच मोडतं. चीर एखाद्या पिसावर असेल तर चालतं. तीन-चार पिसांवर असेल तर त्या पिल्लाला यंदा टोपलीत घालू नये, झड होऊन नवीन पिसं येईपर्यंत थांबावं.

दुसरं, उशिराच्या पिल्लांना मोठ्यांच्यात सोडू नका. चार-पाच महिने आधी जन्मलेली पोरंसुद्धा त्यांना दाण्यावरनं हाकलतात, फळीच्या कोपऱ्यात दाबून ठेवतात. माझ्याकडं मधे जाळी मारून वेगळा कप्पा केलाय. दाणंपाणी वेगळं. डबा वाजवायचा आवाज मात्र तोच, म्हणजे हाक सगळ्यांची एक राहते. दाण्यात मूग-वाटाणा जरा जास्त घालते, पिल्लाचं अंग भरायचं असतं. मोठ्याला दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास पुरतं, पण वाढत्या पिल्लाला मोजून घालू नये, पोट भरून खाऊ द्यावं. शिस्त नंतर.

शहापूरकर | १९ डिसेंबर, रात्री ९:१०

ताई, तुमचं वाचून लगेच बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. निळ्याच्या दोन्ही पिल्लांचे पंख स्वच्छ. तिसऱ्या जोडीच्या एका पिल्लाला डाव्या पंखावर तीन पिसांना चीर आहे. त्याचं कारणही कळलं: त्याच्या बापाला मधे चार दिवस खोकला होता आणि एकटी मादी भरवत होती. कप्पा उद्याच करतो.

पंचगंगेचं_पाणी | २० डिसेंबर, सकाळी १०:५०

कोल्हापूरकडनं रामराम. आमची गिरेबाज. सकाळी सोडली की डोक्यावर टिपका होऊन तासन् तास उभी. आमच्या स्पर्धेत जास्त तास जो आभाळात राहील तो जिंकतो. लांब सोडून यायची भानगडच नाही, तर तुम्ही भावांनो एवढा जीव का टांगणीला लावताय? या आमच्याकडं!

मलप्रभाकाठ | २० डिसेंबर, सकाळी ११:३०

पंचगंगा भावा, तुमचं कबुतर घराच्या वर थांबतं, आमचं घराकडं येतं. दोघांच्या मालकांची मान सारखीच दुखते, एवढं मात्र खरं.

पंचगंगेचं_पाणी | २० डिसेंबर, सकाळी ११:४२

हा हा, मान्य. पण उशिराच्या पिल्लांचं आमच्याकडंही हेच. कोवळ्याला तास मोजायला लावलं की त्याची हवा जाते. मग ते दुसऱ्या वर्षीही अर्ध्या तासात छपरावर.

धारवाडचे_सर | २० डिसेंबर, रात्री ८:२५

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त. दोन मुद्दे मांडतो.

पहिला उजेडाचा. उशिराच्या पिल्लांविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक बेल्जियम, हॉलंड, इंग्लंडकडचं. तिथं जून-जुलैनंतर निघालेलं पिल्लू ‘उशिराचं’. हंगामातल्या विजेत्या कबुतरांची पिल्लं शर्यती संपल्यावर घेतात, म्हणून ती उशिराची होतात. मग हिवाळा येतो, झड अर्धवट थांबते आणि जुनी काही पिसं तशीच घेऊन ते पिल्लू दुसऱ्या वर्षात जातं. त्यावर उपाय म्हणून कुणी दिवे लावून दिवस वाढवतात, तर लवकरच्या पिल्लांची झड लांबवायला कुणी अंधार करतात. तिकडं ते लागू पडतं, कारण तिथला दिवस हिवाळ्यात आठ तासांचा आणि उन्हाळ्यात सोळाच्या वर. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला सगळ्यात लहान दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास आणि सगळ्यात मोठा तेरा तासांचा. फरक जेमतेम दोन तासांचा. तेव्हा ढाबळीला काळे पडदे लावून किंवा ट्यूबलाइट जाळून तिकडच्यासारखा परिणाम मिळेल अशी आशा धरू नका. आपल्याकडं पिल्लू उशिराचं ठरतं ते पावसामुळं आणि शर्यतीच्या तारखेमुळं.

दुसरा मुद्दा दिशेचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कबुतर सूर्यावरून दिशा काढतं, पण ही विद्या जन्मजात पूर्ण नसते. सूर्य दिवसभरात कसा सरकतो हे पिल्लू पहिल्या काही महिन्यांत बघून शिकतं. ज्या पिल्लांना लहानपणी फक्त दुपारनंतरचा सूर्य दिसला, त्यांना सकाळी त्यावरून दिशा काढता आली नाही, असं जर्मन शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत आढळलं होतं. ढगाळ हवेत मदतीला चुंबकीय जाण असते, वासाचाही भाग असतो. पण आपण काय करतो? नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी पिल्लं सोडतो, आणि शर्यत असते सकाळी. शहापूरकर, पिल्लांना छपरावर जाळीचा पिंजरा करून सूर्योदयापासून बाहेरचं दिसू द्या, आणि सोडायची वेळ बदलत राहा. शर्यतीत यंदा घाला न घाला, हे मात्र याच तीन महिन्यांत करा. पुढच्या वर्षी ही वेळ परत मिळणार नाही.

निपाणीकर_७ | २० डिसेंबर, रात्री ९:००

सरांचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ढाबळीत चिकटवा. मी जे ‘घालू नका’ म्हणालो त्याचा अर्थ लोक ‘कोंडून ठेवा’ असा घेतात. आमच्या गावात एकानं आठ पिल्लं वर्षभर कोंडली, शर्यतीत घालायची नाहीत म्हणून. पुढच्या डिसेंबरात दार उघडलं. अंगानं पैलवान, पण गल्लीसुद्धा माहीत नाही. पहिल्याच दिवशी पाच गेली.

गोगटे_चौक | २१ डिसेंबर, दुपारी १:१५

विषयांतर करतो. २०२० साली बेल्जियमची ‘न्यू किम’ नावाची मादी सोळा लाख युरोंना विकली गेली ती हीच जात ना? आमच्या गच्चीवर पारवे घाण करतात, त्यांचे काही मिळतील का?

चिकोडीची_ताई | २१ डिसेंबर, दुपारी ३:००

जात होमरच. ती तेव्हा दोन वर्षांची होती. तुमच्या पारव्यांचं माहीत नाही, पण खाली साठलेली घाण कोरड्या झाडूनं झाडू नका. पाणी मारा, तोंडाला कापड बांधा. छातीला त्रास होतो.

अथणीचा_मळेकरी | २२ डिसेंबर, सकाळी ६:५०

उशिराच्या पिल्लांचा खरा वैरी अजून कुणी काढलाच नाही. ससाणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेरनं येणारे बहिरी ससाणे मार्चपर्यंत मुक्कामाला असतात. म्हणजे तुमचं पिल्लू पहिल्यांदा पंख पसरतं तेव्हा वर सगळी भरती झालेली. जुलै-ऑगस्टचं पिल्लू ससाणे येईपर्यंत हुशार झालेलं असतं. नोव्हेंबरच्या पिल्लाला ती मुभा नाही.

आमच्याकडं पाऊस कमी, माळ उघडा, ओलीचा त्रास नाही. पण लपायला झाडही नाही. मी काय करतो सांगतो. पिल्लं एकटी सोडत नाही. दोन वयस्क, शांत माद्या बरोबर सोडतो, ज्या गावाबाहेर जात नाहीत. तरण्या नरांबरोबर मात्र कधीच नाही. ते दहा-पंधरा किलोमीटर फिरून येतात, पिल्लू मागं ओढलं जातं, दमतं, आणि दमलेलंच ससाण्याला दिसतं. सोडायच्या आधी पाच मिनिटं आभाळ बघतो. कावळे गप्प झाले की दार उघडत नाही. आमच्या वस्तीवरची कन्नड पोरं ‘गिडुग बंतु’, म्हणजे ससाणा आला, म्हणून ओरडतात, ती माझी घंटा.

शहापूरकर | १६ जानेवारी, रात्री ९:५५

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफी असावी.

पिंजरा केला. आठ दिवस पिल्लं त्यातून नुसतं बघत बसली. मग अथणीकर काकांनी सांगितल्याप्रमाणं दोन जुन्या माद्यांबरोबर सोडायला लागलो, एक दिवस सकाळी, एक दिवस दुपारी. ३ जानेवारीला ससाणा आला. माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या पत्र्यावरनं एक पिल्लू उचलून नेलं. ते चीर असलेलंच होतं. उडायला कमी पडलं असेल का, हे डोक्यातनं जात नाही.

संक्रांतीच्या आधी चार दिवस आणि नंतर दोन दिवस दार बंद ठेवलं, पतंगांच्या मांज्यामुळं. माझ्या एका मोठ्या नराचा गेल्या वर्षी पंख कापला होता.

निळ्याच्या दोघांपैकी एक आता घुमायला लागलंय, गळा फुगवून. म्हणजे नर. आवाज अजून अर्धा पिल्लाचा, अर्धा मोठ्याचा. शर्यतीत यंदा घालायचं नाही हे ठरलं. वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, ‘मी पहिल्याच दिवशी सांगितलो होतो की.’

टॉस, म्हणजे लांब नेऊन सोडायचा सराव, कधी आणि कुठून सुरू करू?

कॅम्पातला_अन्वर | १७ जानेवारी, सकाळी ७:३०

पिल्लाचं वाईट वाटलं. स्वतःला लावून घेऊ नका, ससाणा धडधाकटालाही नेतो.

टॉस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर. तुमची शर्यत उत्तरेकडनं, म्हणून काकतीपासून सुरू करा, आठेक किलोमीटर. तिथनं तीन-चार वेळा. मग भुतरामहट्टी. मग वंटमुरी घाट ओलांडून हत्तरगी. हा टप्पा घाईनं करू नका, डोंगर मधे आला की पिल्लं घुटमळतात. संकेश्वर म्हणजे पन्नासेक किलोमीटर, तिथंच यंदा थांबा. हायवेच्या कडेला मोकळी जागा बघून सोडा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कबुतरांच्या पाठीवर यंत्र बसवून २००४ मध्ये दाखवलं होतं की ती रस्त्यारस्त्यानं येतात, वळणावर वळतातसुद्धा. आपला पुणे-बेंगळुरू रस्ता त्यांना आयताच मिळालाय.

पश्चिमेला, चोर्ल्याकडं किंवा आंबोलीकडं सोडू नका. धुकं आणि दाट रान.

मलप्रभाकाठ | १७ जानेवारी, सकाळी ८:१०

अन्वरभाईंशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. भर घालतो: पहिले दोन टॉस सगळी एकत्र, मग दोन-दोन, शेवटी एकेकटं. एकेकट्यानं आलेलं पिल्लूच पुढं थवा फुटल्यावर टिकतं. सोडायच्या दिवशी सकाळी दाणं नाही, आदल्या संध्याकाळी हलकं. पाणी मात्र टोपलीत चढेपर्यंत समोर ठेवा.

कॅम्पातला_अन्वर | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

काल पहिली शर्यत झाली. माझी दोन उशिराची पिल्लं घातली होती, अकरा आणि बारा आठवड्यांची. एक सायंकाळी साडेपाचला आलं, मोठी सगळी अकराच्या आत आलेली असताना. दुसरं आज दुपारी. चोचीला चिखल होता, कुठंतरी उसाच्या पाटात पाणी प्यायलं असणार. दोन्ही खायला मागतायत पण फळीवरून हलत नाहीत. हंगाम संपेपर्यंत यांना परत टोपली दाखवणार नाही. पंखाचं माझं गणित बरोबर होतं, पण पंखाच्या पलीकडचं मी धरलं नव्हतं.

चिकोडीची_ताई | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

अन्वरदादा, पाण्यात थोडा गूळ घालून द्या, आणि दोन दिवस हलकं दाणं, ज्वारी-बाजरी. हरभरा नको. आली हेच मोठं.

धारवाडचे_सर | ३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

अन्वर, तुम्ही हे मोकळेपणानं लिहिलंत याचं फार बरं वाटलं. इथं आलेल्या कबुतरांची गोष्ट सगळे सांगतात, न आलेल्यांची आणि उशिरा आलेल्यांची कुणी सांगत नाही. नवीन मुलांना तीच जास्त उपयोगी पडते.

शहापूरकर | २९ मार्च, रात्री ८:४५

हिशोब देतो. पाच पिल्लं होती. काकतीहून चार वेळा, भुतरामहट्टीहून तीन वेळा, सगळी आली. हत्तरगीहून पहिल्या वेळी दोन दुपारपर्यंत घुटमळली, पण आली. दुसऱ्या वेळी दोन-दोन सोडली, तेव्हा एक मादी आली नाही. आठ दिवस रोज संध्याकाळी डबा वाजवला. आली नाही.

संकेश्वरहून गेल्या रविवारी चार एकेकटी सोडली, मधे वीस-वीस मिनिटं ठेवून. वडील गच्चीवर घड्याळ घेऊन बसले होते, मी तिकडनं फोन करत होतो. निळ्याचा पोरगा एक्कावन्न मिनिटांत. त्याची बहीण एक तास दहा मिनिटं. तिसरं दोन तासांनी. चौथं मी मोटारसायकलनं घरी पोचल्यावर, माझ्या डोळ्यांदेखत उतरलं.

आता ऊन वाढलंय, टॉस बंद. एकच विचारायचं राहिलं: निळ्याचा पोरगा दिवसभर घुमतोय आणि शेजारच्या कप्प्यातली मादी त्याला प्रतिसाद देतेय. जोडी लावू का?

चिकोडीची_ताई | २९ मार्च, रात्री ९:२०

नको. पंख बघा, चार-पाच पिसं झाली असतील, अजून निम्मी बाकी आहेत. आता अंडी-पिल्लं मागं लावलीत तर अंगातलं सगळं तिकडं जाईल आणि झड रेंगाळेल. नर-मादी वेगळे ठेवा, आठवड्यातून दोनदा अंघोळीला पाणी द्या, दाण्यात करडई घाला. पाऊस लागायच्या आत ती भिंत तेवढी गिलावा करून घ्या.

शहापूरकर | २९ मार्च, रात्री ९:३१

बघितलं ताई. डावीकडचं पाचवं पीस आजच पडलंय, फळीखाली सापडलं. गवंड्याला उद्या सांगतो.